पेन्सिलीने लिहिलेली तारीख

"क्लच!"

"दाबलाय."

"मग सोडा!"

"सोडतोय."

"सोडताय? अहो, तुम्ही सोडेपर्यंत माझे केस पांढरे होतील!"

"झालेच आहेत. तू रंगवतेस."

"विषय बदलू नका! हँडब्रेक!"

"एका वेळी एकच गोष्ट सांगीन म्हणाली होतीस. आता तीन-तीन सांगतेयस."

"मागे बघा, मागे! तो टेम्पोवाला आता आत येऊन बसायचाच बाकी राहिलाय!"

"त्याला म्हणावं, माणूस शिकतोय."

"दिसतंय त्याला! हातभर पाटी लावलीय गाडीवर! चला. हाफ क्लच. हळू. अजून हळू. आता सोडा हँडब्रेक..."

गाडीने एक उचकी दिली, अंग झटकलं आणि पुलाच्या चढावर बंद पडली. मागून टेम्पोने असा काही हॉर्न दिला, की माझ्या मांडीवरची पाण्याची बाटली उडून पुढच्या दोन सीटांच्या मध्ये जाऊन पडली.

"नापास," मावशी म्हणाली. "तिसऱ्यांदा. म्हणजे तारीख पेन्सिलीनेच राहणार."

"अगं, शुक्रवार उद्या आहे," काका म्हणाले आणि त्यांनी पुन्हा किल्ली फिरवली.

ह्या बाईची तुम्हाला ओळख करून द्यायला हवी. ही माझ्या आईची धाकटी बहीण. बावीस वर्षं झाली, ती लोकांना गाडी चालवायला शिकवते. शिकणारे समोर तिला मॅडम म्हणतात आणि पाठीमागे क्लचबाई. तिला दोन्ही माहीत आहे. उंचीने बेताची, आवाजाने बेसुमार. पायात कायम कॅनव्हासचे बूट, आणि त्यातल्या उजव्या बुटाचा तळ डाव्याच्या चार महिने आधी झिजतो. कोपऱ्यावरचा चांभार बूट हातात घेऊनच ओळखतो. "मॅडम, ह्या खेपेला कोण होतं? फारच दाबलाय."

कारण असं की तिच्या गाडीत, शिकवायच्या सगळ्या गाड्यांत असतो तसा, शेजारच्या सीटसमोर पायाशी आणखी एक ब्रेक आहे. शिकणाऱ्याच्या हातात स्टिअरिंग, हिच्या पायाखाली ब्रेक. बावीस वर्षं हीच वाटणी. त्यामुळे तिचा उजवा पाय आता तिला विचारत नाही. बसमध्ये पुढे कुणी आडवं आलं, की ती जमीन दाबते. दाताच्या डॉक्टरने मशीन सुरू केलं, की खुर्चीची पाय ठेवायची पट्टी दाबते. टीव्हीवर पाठलाग सुरू झाला, की समोरचं स्टूल सरकत सरकत स्वयंपाकघरापर्यंत जातं. टॅक्सीत तर तिला बसवतच नाही. तीन टॅक्सीवाल्यांनी तिला अर्ध्या वाटेत उतरवलंय. त्यातल्या एकाने वर पैसेही परत दिले, फक्त उतरा म्हणाला.

गाठ तिला सीटबेल्टमुळे कळली. दिवसातून वीस वेळा पट्टा जिथून जातो, तिथे एक दिवस पट्ट्याखाली काहीतरी घट्ट लागलं. दुखत नव्हतं. ती त्याच दुपारी तपासायला गेली, त्याबाबतीत तिला मानलं पाहिजे. मॅमोग्राफीच्या मशीनबद्दल घरी येऊन म्हणाली, "ज्याला अंतराचा अंदाज नाही असा माणूस गाडी पार्क करतो ना, तसं ते मशीन पार्क होतं आपल्यावर." मग सुई टोचून तुकडा काढला. मग सात दिवस वाट. आणि मग तो मंगळवार.

त्या मंगळवारी आम्ही तिघं गेलो. ती, काका आणि मी. डॉक्टरीणबाई शांत, चष्मा डोक्यावर. त्यांनी फाइल उघडली, आमच्याकडे पाहिलं आणि सरळच सांगितलं.

"गाठ कॅन्सरची आहे."

मावशीने ब्रेक मारला. उजवा पाय, पूर्ण ताकदीने. आता डॉक्टरीणबाईंच्या टेबलाखाली पायाने उघडायची कचरापेटी होती. तिचं झाकण धाडकन उघडलं, टेबलाला खालून आपटलं, आणि वरची पेनं उडाली.

"सॉरी," मावशी म्हणाली. पाय काढला. झाकण मिटलं.

"घाबरू नका."

"घाबरले नाही."

"गाठ लहान आहे. अठरा मिलिमीटर..."

धाड.

"... आणि लवकर सापडलीय. आपण ऑपरेशन करून..."

धाड.

"... गाठ काढू. मग किरणांचे उपचार. बाकी काय लागेल ते गाठ तपासून ठरवू. पण उशीर करायचा नाही." डॉक्टरीणबाई थांबल्या. वाकून टेबलाखाली पाहिलं. "ही पेटी बाजूला घेऊ का?"

"राहू द्या," मावशी म्हणाली. "निदान काहीतरी माझ्या पायाने चालतंय."

सगळ्या बोलण्यात झाकण नऊ वेळा उघडलं. हे काकांनी मोजलं. ते घड्याळं दुरुस्त करतात, ठोके मोजायची सवय आहे. त्यांचं दुकान म्हणजे एका जिन्याखालची जागा. आत ते, एक दिवा आणि दोनशे घड्याळं. कुणाला घाई असेल तर त्यांच्याकडे जात नाहीत.

बाहेर काउंटरवरच्या मुलीने ऑपरेशनची तारीख दिली. बरोबर एकवीस दिवसांनी, मंगळवार.

"पेन्सिलीने लिहा," मावशी म्हणाली.

"मॅडम, कॉम्प्युटर आहे."

"मग कॉम्प्युटरमध्ये पेन्सिलीने लिहा."

मुलीने एकदा माझ्याकडे, एकदा काकांकडे पाहिलं. शेवटी म्हणाली, "पुढच्या शुक्रवारी पाचच्या आत फोन करून पक्कं करा. नाहीतर ती जागा दुसऱ्या पेशंटला जाईल. त्यानंतरची मोकळी तारीख पाच आठवड्यांनी आहे."

"बघू," मावशी म्हणाली.

आमच्या घराण्यात 'बघू' म्हणजे 'नाही'. मला चपलेसाठी, सायकलीसाठी, सहलीसाठी आयुष्यभर 'बघू'च मिळालंय. काकांनाही ते ठाऊक. घरी आल्यावर त्यांनी डोळ्याला घड्याळाचं भिंग लावलं आणि रिपोर्टाची चारही पानं ओळ अन् ओळ वाचली. मग दुकानात जाऊन एका तबकडीवर पट्टी ठेवली आणि परत आले.

"अठरा मिलिमीटर म्हणजे लेडीज घड्याळ."

"मग?"

"काही नाही. सांगितलं."

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या दुकानावरून गेले. काचेतली सगळी लेडीज घड्याळं त्यांनी उचलून खणात ठेवली होती. एका गिऱ्हाईक बाईला सांगत होते, "पुढच्या महिन्यात या. सध्या फक्त पुरुषांची आणि भिंतीवरची."

मग बातमी पसरली. काकांची बहीण, म्हणजे मावशीच्या वन्सं, पहिल्या हजर. आल्या त्या कुजबुजतच आल्या. दारातून कुजबुजत, चपला काढताना कुजबुजत.

"वहिनी, कशी आहेस गं?"

"ठीक आहे! तुमचा आवाज बसलाय का, वन्सं?" मावशी शेजाऱ्यांना ऐकू जाईल एवढ्याने.

"नाही गं. म्हटलं, तुला त्रास नको. हे बघ, मन अगदी प्रसन्न ठेवायचं. बिटाचा रस घ्यायचा. माझ्या मैत्रिणीच्या जावेच्या बहिणीला..."

"इंडिकेटर!"

"काय?"

"वळायच्या आधी इंडिकेटर द्यायचा, वन्सं. जावेच्या बहिणीकडे वळताय, ते आधी सांगा. आरशात बघा मागे कोण आहे. मागे मी आहे. मला ते ऐकायचंय का? नाही. मग सरळ चला."

वन्सं बिचाऱ्या सरळ चालल्या त्या थेट चहापर्यंत. पण गंमत म्हणजे त्या दुसऱ्या दिवशी पुन्हा आल्या, बसल्या आणि म्हणाल्या, "वहिनी, उजवीकडे वळू का? माझ्याच तब्येतीचं सांगायचंय." मावशीने परवानगी दिली. तास-दीड तास गुडघ्यांवर बोलणं झालं. वन्सं इतक्या खुशीत कधी गेल्या नव्हत्या.

शिकणाऱ्यांना सांगायचं तिने स्वतःच्या डोक्याने ठरवलं. पहिला होता एक बेकरीवाला, सहा फुटी, हातात मैद्याची गोणी फिरवणारा. तिचा हिशेब असा: लाल दिवा लागला की गाडी थांबलेली असते, म्हणून लाल दिव्यात सांगावं. मोठ्या चौकातला दिवा नव्वद सेकंदांचा. तिने नव्वद सेकंदांत बसवलं सगळं. काय आहे, कुठे आहे, केव्हा काढणार, तुमचे उरलेले सहा तास कोण घेणार. चार सेकंद शिल्लक राहिले. हिरवा लागला. बेकरीवाला स्टिअरिंगवर डोकं ठेवून हमसून हमसून रडत होता.

"अहो, हिरवा!"

"मॅडम, तुम्ही मला रिव्हर्स शिकवलंत हो..."

"शिकवलंय ना? मग पुढे चला!"

पाठीमागे चौकभर गाड्या. शेवटी हीच उतरली, ह्याला शेजारच्या सीटवर ढकललं आणि स्वतः गाडी काढली. त्या दिवसापासून नियम झाला: वाईट बातमी फक्त पार्किंगमध्ये, गाडी न्यूट्रलवर, हँडब्रेक ओढलेला.

सगळ्यांना सांगून झालं, सगळ्यांच्या तासांची सोय झाली. फोन तेवढा होत नव्हता. बुधवार गेला, गुरुवार, शुक्रवार, शनिवार. रविवारी जेवताना काकांनी पाण्याचा पेला खाली ठेवला.

"फोन कधी करतेस?"

"करते."

"आत्ता कर."

"रविवारी कोण असतं तिथे?"

"उद्या कर."

"आणि मला नेणार कोण? टॅक्सी? तिथे पोचेपर्यंत ब्लडप्रेशर दोनशेवर जाईल, ते लोक ऑपरेशनच करायचे नाहीत."

"मी नेते की," मी म्हटलं. माझ्याकडे लायसन्स आहे. तिनेच शिकवलंय.

"तू? पास झालीस म्हणजे शिकलीस असं नाही, कार्टे."

"मी नेईन," काका म्हणाले.

मावशी थांबली. त्यांच्याकडे बघितलं. मग तिला जे हसू फुटलं, ते काही आवरेना. टेबल धरलं, खुर्ची धरली, मला धरलं. मंगळवारनंतर पहिल्यांदा हसत होती. कारण काकांनी एकोणीस वर्षांपूर्वी तिच्याचकडे नऊ दिवस गाडी शिकून बघितली होती, आणि दहाव्या दिवशी काही न बोलता घड्याळांकडे परत गेले होते. ती गोष्ट आमच्या प्रत्येक लग्नकार्यात, बारशात, गाठीभेटीत मावशी अभिनयासह करून दाखवते.

"हसतेस काय?"

"बरं, ठरलं!" तिने डोळे पुसले. "शुक्रवारी पाचच्या आत पुलाच्या चढावर गाडी थांबवायची आणि वीतभरही मागे न सरकता पुढे काढायची. जमलं, की त्याच क्षणी फोन करते. तारीख पक्की."

"आणि नाही जमलं तर?"

"तर बघू."

तेव्हा मला कळलं. तिला पळवाट हवी होती, आणि ती तिने काकांच्या पायात शोधली होती.

काका सोमवारी सकाळी दुकान न उघडता शिकाऊ लायसन्स काढून आले. चिन्हांच्या परीक्षेत सगळीच्या सगळी उत्तरं बरोबर. मंगळवारी मैदानात धडे सुरू झाले, आणि मी मागच्या सीटवर साक्षीदार म्हणून.

काका क्लच सोडायचे ते घड्याळातली केसाएवढी स्प्रिंग बसवावी तसा. एवढ्या वेळात मैदानात खेळणारी पोरं दोन डाव खेळून गेली. पण एकदा का गाडी हलली, की चांगली चालवायचे. आरशात बघायचे, वळताना हात दाखवायचे, कुत्र्यालाही आधी जाऊ द्यायचे. मावशी घरात त्यांना जन्मात कधी 'अहो'शिवाय बोलली नाही. बुधवारी एक म्हैस आडवी आली आणि तिच्या तोंडून गेलं, "अरे ए, ब्रेक मार ना बावळटा!"

गाडी थांबली. म्हैस गेली.

"काय म्हणालीस?"

"चुकून गेलं हो."

"नाही, बरं वाटलं," काका म्हणाले. "पुन्हा म्हण."

सपाटीवर सगळं ठीक. चढावर मात्र दर वेळी तेच. हँडब्रेक सुटला, की उचकी आणि बंद. बुधवारी दोनदा, गुरुवारी तिसऱ्यांदा, टेम्पोसमोर. तिथेच तर आपण सुरुवातीला होतो.

गुरुवारी संध्याकाळी मी चहा घेऊन खाली गेले. मावशी पार्किंगमध्ये, बंद गाडीत, तिच्या नेहमीच्या जागेवर बसली होती. पट्टा लावलेला.

"काय करतेस?"

"बसलेय."

"ड्रायव्हरच्या जागेवर कुणी नाहीये, मावशी."

"तेच बघतेय." तिने चहा घेतला. "आत जे आलंय ना, ते कोण चालवतंय तेच कळेना. समोर माणूस दिसला तर चार शिव्या तरी देता येतात."

मी मागे जाऊन बसले. दोघींनी चहा संपवला. मग ती म्हणाली, "साखर जास्त झालीय," आणि आम्ही वर आलो.

शुक्रवार. दुपारचे सव्वाचार. पूल. चढाच्या बरोबर मध्यावर काकांनी गाडी थांबवली, हँडब्रेक ओढला. मागे कचऱ्याचा ट्रक येऊन उभा राहिला, वासासकट.

"हाफ क्लच," मावशी म्हणाली. आज ओरडत नव्हती.

गाडीने नाक उचललं. इंजिनाचा आवाज जड झाला. काकांनी हँडब्रेक सोडला.

उचकी. बंद.

"झालं," मावशी म्हणाली. "नापास. चला घरी."

काकांनी हँडब्रेक ओढला. चारही दिवे चमकायला लावले. किल्ली काढली आणि शर्टाच्या खिशात ठेवली.

"हे काय करताय? पुलावर आहोत आपण!"

"आता मी बोलतो. गाडी माझ्यामुळे बंद पडत नाही."

"मग काय माझ्यामुळे?"

"हो."

ट्रकने हॉर्न दिला. मावशीने तोंड उघडलं, पण काकांनी बोट वर केलं. घड्याळ कानाशी धरताना ते करतात तसं.

"मी हँडब्रेक सोडला की तुझ्या बाजूने टक् होतं. मग माझ्या पायाजवळचं ब्रेकचं पेडल एकटंच खाली जातं. मी पायही लावलेला नसतो. मग गाडी बंद. दर वेळी ह्याच क्रमाने. टक्, पेडल, बंद."

"काहीतरीच. माझा पाय..."

तिने खाली बघितलं. काकांनी बघितलं. मी दोन सीटांच्या मधून डोकं घालून बघितलं. उजवा बूट पेडलवर होता आणि पेडल तळाला टेकलेलं होतं. गाडी बंद, किल्ली खिशात, तरी दाबलेलं.

बस स्टॉपवर कुणाचं तरी पोर आपल्या मांडीवर येऊन बसावं आणि आपण त्याच्याकडे बघावं, तशी ती त्या पायाकडे बघत होती.

"कधीपासून चाललंय हे?"

"बुधवारपासून, प्रत्येक चढावर. आणि एकोणीस वर्षांपूर्वी नऊ दिवस."

"तेव्हाही?"

"तेव्हाही."

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"तू शिकवत होतीस. मध्ये कसं बोलणार?"

"अहो, एकोणीस वर्षं मी सगळ्या खानदानाला सांगतेय की ह्यांना गाडी जमत नाही!"

"ऐकलंय मी. छान करतेस. विशेषतः उचकीचा भाग."

मला हसू येत होतं आणि हसायची सोय नव्हती. तेवढ्यात कचऱ्याच्या ट्रकचा ड्रायव्हर उतरून खिडकीशी आला आणि एकदम ताठ उभा राहिला.

"मॅडम, तुम्ही? मी तुमच्याकडेच शिकलोय. काही मदत?"

"ट्रक किती जवळ उभा केलायस? शिकवलं होतं का असं?"

"नाही, मॅडम."

"जा, मागे घे!"

तो पळत गेला. ट्रक मागे गेला, त्याच्या मागचे रिक्षावालेही मागे गेले, आणि सगळा पूल दोन हात मागे सरकला. आम्ही तेवढे जागच्या जागी.

"पाय काढ," काका म्हणाले.

"काढलाय."

"नाही काढलास."

मावशी अगदी लहान आवाजात म्हणाली, "निघत नाहीये हो."

घड्याळात चार पस्तीस झाले होते. काकांनी घाई केली नाही. त्यांना येतच नाही.

"सरकलो मागे, तर सरकू थोडे. मी आहे ना धरायला."

मावशीने वाकून उजव्या बुटाची नाडी सोडली. मग डाव्याची. बूट काढून माझ्या हातात दिले. सीट मागे सरकवली, दोन्ही पाय वर घेतले आणि गाडीत, पट्टा लावलेला, चक्क मांडी घातली. डोळे मिटले. दोन्ही हातांनी स्वतःचे पंजे धरून ठेवले, पळून जातील म्हणून.

काकांनी किल्ली लावली. हाफ क्लच. गाडीने नाक उचललं. हँडब्रेक सुटला.

गाडी मागे सरकली. मी बूट छातीशी धरले. आणि मग ती पुढे निघाली. हळू, तक्रार न करता, पुलाचा उंचवटा चढून पलीकडे. मागून ट्रकने एवढा मोठा हॉर्न दिला की तो हॉर्न नव्हता, टाळी होती.

उताराच्या तळाशी काकांनी गाडी कडेला घेतली.

"कर फोन."

"सरकली मागे!" मावशीने डोळे उघडले.

"चार बोटं."

"सरकली ना पण?"

"तू म्हणालीस वीतभरही न सरकता. चार बोटं म्हणजे वीत नव्हे."

"वीतभरही नाही म्हणजे बिलकूल नाही!"

"मापात बोलायचं तर माप पाळायचं. मी मिलिमीटरमध्ये काम करतो."

ट्रकवाला शेजारून हळूहळू गेला. मावशीने काच खाली केली. "ए! किती सरकली गाडी?"

"चार बोटं, मॅडम! फार तर पाच!"

काकांनी घड्याळ तिच्यासमोर धरलं. चार सत्तेचाळीस. मांडी न मोडता मावशीने फोन लावला.

"हॅलो. त्या मंगळवारची तारीख. हो, पक्की. शाईने लिहा."

पलीकडून काहीतरी उत्तर आलं.

"कॉम्प्युटर असू दे. शाईने!"

फोन ठेवला. काकांनी गळा साफ केला.

"म्हणजे मी पास?"

"निकाल राखून ठेवलाय."

त्यानंतरचे अकरा दिवस निकाल राखूनच राहिला. काकांनी नाश्ता करताना विचारलं, कपडे वाळत घालताना विचारलं, डॉक्टरीणबाईंना विचारायच्या प्रश्नांच्या यादीत सतराव्या नंबरला लिहून बघितलं. मावशीने खोडलं. रोज संध्याकाळी मात्र ती त्यांना गाडीवर घेऊन जायची. दवाखान्याचा रस्ता, तिथली वळणं, तिथले खड्डे. ती शेजारच्या सीटवर मांडी घालून, बूट मांडीवर. एकदा-दोनदा उजवा पाय खाली गेला. काका नुसतं "टक्" म्हणायचे. पाय वर.

वन्संनी बिटाचा रस पाठवला. बेकरीवाल्याने केक पाठवला, त्यावर क्रीमने रिव्हर्सचा बाण काढला होता. मावशी रस काकांनाच पाजायची, केकही त्यांनाच खायला घालायची. "ताकद तुम्हाला लागणार आहे."

मंगळवारी सकाळी साडेसहाला आम्ही निघालो. गाडीवर शिकाऊची पाटी, शेजारी मॅडम, मागे मी, एक उशी आणि फाइल. रस्ते मोकळे. एका सिग्नलला मावशी म्हणाली, "आरसा," आणि काका म्हणाले, "बघितला."

दवाखान्याच्या दाराशी चढ आहे. हे आम्ही अकरा दिवस बघत होतो, पण तिथे अँब्युलन्स उभी असेल हे कुणाला ठाऊक? वॉचमनने हात दाखवला. काका चढाच्या मध्यावर थांबले. अँब्युलन्स निघून गेली. वॉचमन शिट्टी वाजवायला लागला, मागे दोन गाड्या.

मावशी मांडी घालून समोर बघत होती. मी मागून तिचे पंजे बघत होते. ते हलले नाहीत.

हाफ क्लच. हँडब्रेक. गाडी सुरळीत वर चढली आणि दारासमोर उभी राहिली. मागे सूतभरही सरकली नव्हती. काकांनी इंजिन बंद केलं आणि पूर्ण तिच्याकडे वळले.

"बघितलंस? एक बोटही नाही!"

मावशीने बूट घातले. डाव्याची नाडी बांधली, उजव्याची बांधली, पुन्हा सोडून पुन्हा बांधली.

"ओ, गाडी पुढे घ्या!" वॉचमन.

"थांबा हो, निकाल आहे!" काका त्याला म्हणाले. मग तिला, "आता तरी सांग. पास की नापास?"

मावशीने पट्टा सोडला. माझ्या हातातली फाइल घेतली. आरशात बघितलं, मागे कुणी येत नाही ना ते मान वळवून बघितलं, आणि दार उघडलं.

"अगं, निदान एवढं तरी सांगून जा!"

काचेची दारं तिच्यासमोर आपोआप उघडली. उंबऱ्याशी तिचा उजवा पाय जागच्या जागी एकदा जमिनीवर दाबला गेला. काका खिडकीतून अर्धे बाहेर आले आणि मोठ्याने म्हणाले, "टक्!"

तिने पाय उचलला आणि मागे न बघता आत निघून गेली.